मडके कच्चे आहे तोवर

मी, श्रीमती आशालता विनायक टिपणीस, वय वर्षे बहात्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, सध्याचा उद्योग हाताने मातीच्या कुंड्या व भांडी घडवणे, राहणार नवीन पनवेल, तालुका पनवेल, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी जागेवर आहे. तसा दाखला डॉ. शार्दूल कर्णिक यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. दाखल्यापूर्वी त्यांनी मला शंभरातून सात वजा करत जायला सांगितले. मी त्यांना सांगितले की तुमच्या टेबलावरच्या मनीप्लँटच्या कुंडीला खाली भोक नाही आणि त्याची मुळे कुजत चालली आहेत. त्यांनी कुंडी उचलून पाहिली आणि दाखल्यावर सही केली.

माझ्यावर कोणाचेही दडपण नाही. माझा मुलगा राजस मृत्युपत्राचा विषय निघाला की "आई, दुसरं काहीतरी बोल" असे म्हणतो, त्यामुळे दडपण असलेच तर ते न लिहिण्याचे होते. यापूर्वी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

मसुदा अ‍ॅड. रिया खारकर यांनी तयार केला आहे. रियाचे म्हणणे असे की मृत्युपत्रात काय द्यायचे आणि कोणाला, एवढेच यावे. का, ते येऊ नये. मी सारी नोकरी लोकांचे फोन जोडून देण्यात घालवली आणि मधे एक शब्द बोलले नाही. आता बोलणार आहे. ज्यांना घाई आहे त्यांनी फक्त कलमांचे आकडे वाचावेत.

कलम १. माझे पती विनायक नऊ वर्षांपूर्वी वारले. मला राजस हा एकच मुलगा, मनस्वी ही सून आणि इरा ही नात. तिघेही पुण्यात असतात. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम राजसने करावे. तो कामात चोख आहे, फक्त त्याला एकदा सांगून भागत नाही, म्हणून इथे सगळे सविस्तर लिहिले आहे.

कलम २. बँकेतल्या आणि पोस्टातल्या ठेवी राजस व इरा यांना निम्म्या निम्म्या. सोन्याच्या पाटल्या मनस्वीला. ती प्रत्येक कार्याला त्या माझ्याकडून नेते आणि दुसऱ्या दिवशी रुमालात गुंडाळून परत आणून देते. आता परत आणू नयेत.

कलम ३. हे कलम श्रीमती भामा तुळशीराम घरत, राहणार करंजाडे, यांच्याविषयी आहे. त्या माझ्या नात्यातल्या नाहीत. यापुढे मी त्यांना नुसते भामा म्हणेन, कारण 'त्या' म्हटलेले भामाला वाचून दाखवले तर ती आजूबाजूला बघेल.

भामाची आणि माझी ओळख भाजीमुळे झाली. ती शेतातली वांगी, मुळे आणि वालाच्या शेंगा पाटीत घेऊन यायची आणि आमच्या फाटकाशी बसायची, कारण तिथे बदामाची सावली पडते. पुढे शेत सरकारने घेतले, मोबदल्यात भूखंड मिळाला, तिचा मुलगा हरेश बांधकामाच्या धंद्यात शिरला आणि भामा तीन मजली घराची मालकीण झाली. त्यानंतरही एके सकाळी ती फाटकाशी येऊन बसली. पाटी नव्हती. मी विचारले तेव्हा म्हणाली, "इकायला काय नाय, वयनी. पन सकाल झाली का पाय हितंच येतान."

मी तेव्हा नुकतीच निवृत्त होऊन कुंड्या करायला लागले होते. चाक नाही, नुसते हात. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकीवर एक बसवायच्या, बोटाने सांधे पुसत वर जायचे. माझी प्रत्येक कुंडी वाळताना तडकायची. भामाने एक तुकडा उचलून बोटांत चुरला आणि म्हणाली, "ही माती उपाशी हाय." ती लहानपणी आईबरोबर चुली घालायची. दुसऱ्या दिवशी ती भाताच्या तुसाचे पोते घेऊन आली, पदर खोचून बसली, आणि आजतागायत बसते आहे. आता ती हरेशच्या मोठ्या गाडीतून येते. ड्रायव्हर दार उघडतो आणि भामा मळक्या लुगड्यात उतरते, हे दृश्य आमच्या गल्लीला आवडते.

तिला मोठे आणि जाड घडवता येते, मला लहान आणि पातळ. निदान असे आम्ही धरून चाललो होतो. त्याविषयी शेवटच्या कलमात. बागेच्या कुंड्या, पक्ष्यांची पाण्याची पात्रे, दही लावायची बुडकुली, पणत्या, असे आम्ही करत आलो. आमच्या भांड्यांवर वाळल्यावर पांढरी झाक येते. ते खाडीकडच्या मातीतले मीठ. काही गिऱ्हाइके ती घासून काढतात. काढू नये, ती पुन्हा येते.

कलम ४. आता माती. हरेशने पहिल्या इमारतीचा पाया खणायला घेतला तो त्यांच्याच जुन्या शेताच्या तुकड्यात. भामा जाऊन जेसीबीसमोर उभी राहिली. हरेशला वाटले, आईला बांधकाम नको आहे. तिला फक्त खालची काळी चिकण माती हवी होती. ती माती डंपरमधून आमच्या परसात आली आणि येताना शेजारच्या सबनीसांच्या गाडीचा आरसा घेऊन गेली. ताडपत्रीखाली अजून तिचा ढीग आहे. भामाच्या शेतातली उघडी उरलेली माती तेवढीच. बाकीच्या मातीवर लोक राहतात.

परसात सिमेंटचा एक हौद आहे. त्यात माती भिजते. राजसने हे नीट वाचावे: हा हौद कधीही पूर्ण रिकामा करायचा नसतो. तळाशी ओंजळभर जुनी माती राखायची आणि तिच्यात नवी मुरवायची, दह्याला विरजण ठेवतात तसे. फसलेली, वाकडी झालेली, वाळून तडकलेली सगळी मडकी फोडून परत हौदात जातात. भट्टीत गेली की माती परत येत नाही. तोवर काहीही परत घेता येते.

हौद, ढीग, भट्टी आणि लाकडी थापी भामाला.

कलम ५. इतर हत्यारे. लाटणे मनस्वीला. त्याने मी मातीच्या पोळ्या लाटते. लग्नानंतर ती पहिल्यांदा स्वयंपाकघरात शिरली तेव्हा तिने त्याच लाटण्याने आम्हा सगळ्यांसाठी पोळ्या केल्या आणि त्या उत्तम झाल्या होत्या. विनायकांची बूट घालायची पितळी पट्टी राजसला. मडक्याची आतली बाजू गुळगुळीत करायला तिच्यासारखे काही नाही. तिला माती लागलेली असेल. ती धुऊ नये.

कलम ६. माझ्या नणंद किशोरी वन्सं यांच्याविषयी. हे कलम वगळावे असे रियाने दोनदा सुचवले.

मी वन्संना वास्तुशांतीला हाताने घडवलेल्या जोडकुंड्या मोगरा लावून दिल्या. त्यांनी त्यांना सोनेरी ऑइलपेंट दिला. मातीची कुंडी अंगातून पाणी सोडते. तिची छिद्रे बुजवली की मुळांभोवती पाणी साचते. मोगरा गेला. वन्सं म्हणाल्या, "तुमच्या मोगऱ्यातच दम नव्हता." मोगरा नर्सरीचा होता. मी गुपचूप त्या कुंड्या आणून खरवडल्या आहेत. त्या वन्संना परत द्याव्यात, आणि रंगाचा डबा जवळ असल्यास काढून घ्यावा.

विनायकांच्या अंत्यविधीबद्दल वन्सं नातेवाइकांत जे सांगतात ते अर्धे खरे आहे, म्हणून मी पूर्ण लिहून ठेवते. त्या सकाळी सामान आणायला माणूस निघाला तेव्हा भामा म्हणाली, "मडका इकत कशाला? घरान येवढी मडकी हायेत." आणि तिने फळीवरून स्वतः घडवलेले एक मडके काढून दिले. अमरधामात राजस ते खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरू लागला. प्रत्येक फेरीला माझे दीर मडक्याला भोक पाडण्यासाठी दगडाने टोला मारत होते. टण्ण आवाज यायचा. भोक काही पडेना. दिरांनी मग जोर लावला आणि दगडाचे दोन तुकडे झाले. शेवटी राजसने न बघता ते खांद्यावरून मागे टाकले. जमीन पावसाने मऊ झालेली. मडके चिखलात सरळ उभे राहिले. भटजी म्हणाले, पुन्हा टाका. दुसऱ्यांदा ते घरंगळत गेले आणि वन्संच्या पायाशी थांबले. अखेर बाहेरच्या दुकानातून दुसरे आणले, ते लगेच फुटले.

मी हसले. रडत होते आणि त्यातच हसले. हे विनायकांना घरी जाऊन सांगायला हवे असे मनात आले, आणि ते गेले आहेत हे मला तेव्हा खरे कळले. वन्सं सांगतात की आशालता नवऱ्याच्या चितेसमोर हसली. होय, हसले. विनायकांइतके हसायला मला दुसऱ्या कोणी शिकवले नाही.

ते मडके मी घरी आणले, बुडाला ड्रिलने भोक पाडले आणि त्यात अनंताचे झाड लावले. तेव्हापासून वन्संनी माझा उंबरा ओलांडलेला नाही. त्यांच्या मते ते अशुभ आहे. माझ्या मते जे फुटलेच नाही ते विधीचे झालेच नाही. तो अनंत मडक्यासह राजसला. जड आहे, कमरेतून वाकून उचलू नये. वन्संना त्याचे कलम द्यावे, प्लास्टिकच्या पिशवीत, म्हणजे त्यांना भीती वाटणार नाही.

कलम ७. शेजारचे श्री. सबनीस यांना पक्ष्यांचे मोठे पात्र. त्यांनी आमच्या भट्टीच्या धुराची लेखी तक्रार केली होती. पुढे त्यांच्या बाजूच्या भिंतीवर बुलबुल यायला लागले आणि तक्रार थांबली. सबनीस या मृत्युपत्राला साक्षीदार व्हायला तयार होते. ज्याला काही मिळायचे आहे त्याने शक्यतो साक्षीदार होऊ नये, असे रियाने सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार करून पात्र पसंत केले.

कलम ८. घर. सगळ्यात अवघड कलम हेच आहे आणि हे मृत्युपत्र मी मुख्यतः यासाठीच करते आहे.

माझे घर ओळीत टोकाला आहे. हरेश गेल्या दिवाळीत पेढे आणि नकाशा घेऊन आला. आमची ओळ पाडून तिथे इमारत उठवायचा त्याचा बेत आहे. बाकीची घरे राजी आहेत. त्याने राजसशी आधीच फोनवर बोलून घेतले होते आणि राजसलाही त्यात वावगे वाटले नव्हते. नकाशात माझ्या परसाच्या जागी तळघरात गाड्या नेण्याचा उतार होता. मी म्हटले, "हरेश, तुझ्या आईला दाखवलास का हा कागद?" तो म्हणाला, "आईला काय दाखवायचं काकी? ती हो म्हणते सगळ्याला."

दुसऱ्या दिवशी मी भामाला विचारले. ती वळी करत होती. म्हणाली, "पोराचा धंदा हाय, वयनी. मी कशी नाय म्हनू?" त्या सकाळी तिच्या हातून वळी तुटली, जुळवली तर पुन्हा तुटली. इतक्या वर्षांत मी भामाची वळी तुटलेली पाहिली नव्हती.

तिच्या घरी जागा करून पाहिलेली आहे. हरेशने गच्चीवर शेड बांधून दिली, नळ दिला, पंखासुद्धा दिला. तिथे खाली फरशी, चहूबाजूंनी कठडा. माती उन्हाने भराभर वाळायची, हात धुतले की माती नळीत जाऊन बसायची. सुनेने, भाविकाने, प्लंबरला बोलावले आणि सासूला एका शब्दाने दुखावले नाही. भामालाच ते लागले. ती परत आमच्या परसात आली आणि म्हणाली, "थय आभाल हाय, पन भुई नाय."

मी गेल्यावर राजस घर विकेल. त्याने विकू नये असे माझे म्हणणे नाही. पुण्यात बसून तो पनवेलच्या घराचे काय करणार? पण घर गेले की भामाची सकाळ जाते. तिच्याकडे सगळे आहे आणि बसायला जागा नाही. ती मुलाकडे मागणार नाही, माझ्या मुलाकडे तर नाहीच. म्हणून ती न मागता मी देते आहे.

मी हरेशला पुन्हा बोलावले. घरात न बसवता परसात नेले आणि ताडपत्री उचलून दाखवली. तो खाली वाकला. मग त्याने मूठभर माती उचलली. नेहमी माझ्याशी पुस्तकी बोलणारा मुलगा म्हणाला, "ही आमचे शेतातली? अजून हाय ही?" मी म्हटले, "तुझी आई रोज इथे कशाला येते असं तुला वाटलं?" तो म्हणाला, "टाइमपास." आणि त्याचे डोळे भरून आले. मला हरेश तेव्हापासून आवडायला लागला.

नंतर त्याने स्वतः नवा नकाशा आणला. टोकाचे घर तसेच राहते आणि उतार पलीकडून जातो. चार गाड्या कमी बसतात. नकाशा सोबत जोडला आहे. त्यावर हरेशची सही आहे आणि एका कोपऱ्यात मातीचे बोट उमटलेले आहे. ते भामाचे. तिने कागद उलटा धरला होता, पण परस बरोबर ओळखले.

सबब: घर राजसला. मात्र मागचे परस, हौद, भट्टी, बदामाची सावली आणि फाटकापासून परसापर्यंतची वाट भामाने तिच्या हयातभर वापरावी. तोवर घर विकू नये, पाडू नये, परसात फरशी घालू नये. भामा येईल तेव्हा फाटकाला कुलूप नसावे. राजसला हे मी व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवले. तो म्हणाला, "आणि भामामावशी शंभर वर्षं जगली तर?" मी म्हटले, "तर तू म्हातारा होशील." तो हसला आणि म्हणाला की फाटकाची एक किल्ली मावशीकडे आत्ताच देऊन ठेव. मुलगा चांगला निपजला. हे त्याला तोंडावर सांगायचे राहते, म्हणून इथे.

कलम ९. बागेतल्या बाकीच्या कुंड्या ज्याला हव्यात त्याने झाडासकट न्याव्यात. झाड ठेवून कुंडी नेऊ नये. इराने आधी निवडावे. मला सगळ्यात आवडती कुंडी कोणती ते मी लिहीत नाही. तिने तीच उचलावी अशी आशा आहे.

कलम १०. माझ्या अंत्यविधीचे मडके भामाने घडवावे, आणि या खेपेला पातळ. माझ्या दिरांचे वय झाले आहे, त्यांना दगड मारत बसवू नये.

हे मी भामाला सांगितले तेव्हा ती रागावली. दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी आली, बसली आणि मडके घडवून फळीवर ठेवले. मी ते हातात घेऊन पाहिले. इतके पातळ, इतके एकसारखे काम माझ्या हातून आजवर झालेले नाही. म्हटले, "भामा, तुला पातळ येत नाही ना?" ती म्हणाली, "तुमाला काय तरी करायला ठेवला पायजे ना, वयनी."

ते वाळले. भट्टी भरायच्या दिवशी पाहते तर फळीवर नाही. हौदात होते, अर्धे विरघळलेले. भामा म्हणाली, "काठ वाकरा झालता." तिने नवे घडवले. तेही भट्टीच्या आदल्या दिवशी हौदात गेले. "बूड बरा नवता." तिसऱ्या खेपेला मी विचारले नाही. नुसती बाजूला बसून तिचे हात बघत राहिले. भामा मडके भाजणार नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आले, आणि मला इतके बरे वाटले की मी आत जाऊन चहा टाकला.

तरी मृत्युपत्र करणाऱ्याने सर्व बाजूंनी विचार करावा लागतो. गेल्या आठवड्यात मी तिला स्पष्ट सांगितले, "भामा, हे कधीतरी भाजायला हवं. कच्च्या मडक्यात पाणी राहत नाही." तिने हात पुसले नाहीत, वरही पाहिले नाही. म्हणाली, "मंग थांबा. मडका कच्चा हाय तवर कसं जाल?"

सबब भामाचे म्हणणे असे की मडके भाजून होईपर्यंत हे मृत्युपत्र अमलात आणता येणार नाही. रियाने कायदा पाहिला; त्यात अशी तरतूद नाही. तरीही कलम माझ्या सांगण्यावरून जसेच्या तसे ठेवले आहे.

येणेप्रमाणे मी हे मृत्युपत्र वाचून, समजून, परसात बसून त्यावर सही केली. पानांना कुठे माती लागली असल्यास ती खाडाखोड समजू नये.

लिहून ठेवणार:
(सही) आशालता विनायक टिपणीस

आमच्यासमोर आशालताबाईंनी शुद्धीवर व खुशीत सही केली. आम्ही त्यांच्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या. चहा झाला.

साक्षीदार:
१. (सही) डॉ. शार्दूल कर्णिक, नवीन पनवेल
२. (सही) सौ. कादंबरी शेवडे, नवीन पनवेल

ठिकाण: नवीन पनवेल
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५
सहीच्या वेळी मडके: हौदात.